रविवारचा बेत बुधवारी का मोडतो: रात्रीच्या जेवणाची आखणी कुठे बिघडते ते कसं शोधायचं

आठवड्याच्या रात्रीच्या जेवणाचा बेत रविवारी कागदावर लिहायचा, फ्रिजच्या दाराला लावायचा, आणि बुधवारी संध्याकाळी पुन्हा 'आज काय करू?' म्हणत ओट्याशी उभं राहायचं. आमच्या डोंबिवलीच्या घरात हा बिघाड मी अनेकदा दुरुस्त केला. पुढे नागपूरला धाकट्या बहिणीकडे, पुण्यात नोकरीला लागलेल्या भाच्याच्या बिऱ्हाडात आणि आमच्याच मजल्यावरच्या दोन घरांत तोच निघाला. एका घरात सासू-सासरे, एकात दोन लहान मुलं, एकात तीन मित्र. तरी बेत मोडण्याच्या जागा त्याच त्या. त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या ते इथे लिहिते आहे. आधी बिनपैशांचं आणि दोन मिनिटांचं, शेवटी अवघड.

लक्षणं

यातली तीन जुळली तर पुढचं वाचा.

- सोमवार-मंगळवार कागदाप्रमाणे जातात, बुधवारी गाडी रुळावरून घसरते आणि शनिवारपर्यंत परत येत नाही.
- छोले भिजत घातलेच नव्हते, हे संध्याकाळी साडेसातला कळतं.
- मेथीची जुडी पिवळी पडून शनिवारी कचऱ्यात जाते.
- फ्रिजमध्ये चार डबे आहेत, पण त्यातलं काय कधीचं हे कुणालाच सांगता येत नाही.
- आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवलं जातं, तेही ठरवून नव्हे, नाइलाजाने.
- 'आज काय आहे?' विचारणारे चौघं, उत्तर देणारं माणूस एकच.
- पानं रोज साडेनऊनंतरच घेतली जातात.

कोणता दिवस मोडतो ते दोन आठवडे नुसतं टिपून ठेवा. दर वेळी तोच वार मोडत असेल तर दोष त्या वारात आहे: उशिराची गाडी, मुलांचा क्लास, उपास. वेगवेगळे वार मोडत असतील तर दोष बेताच्या बांधणीत आहे. एवढ्या नोंदीने निम्मं शोधकाम संपतं.

१. कागदावर नुसते पदार्थ आहेत, की कामंही आहेत?

सर्वांत आधी हे बघा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दोष इथेच होता आणि दुरुस्तीला फक्त पेन लागलं.

आपण लिहितो: 'गुरुवार – मटकीची उसळ, पोळी, भात.' पण गुरुवारची उसळ मंगळवारी रात्री सुरू होते. मंगळवारी झोपण्याआधी मटकी भिजत घालायची, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, म्हणजे उन्हाळ्यात बुधवारी रात्रीपर्यंत आणि थंडीत गुरुवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. यातलं एकही काम गुरुवारच्या रकान्यात मावत नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी कोरडी मटकी हातात धरून बसावं लागतं, आणि दोष मात्र 'विसरलेल्या' माणसावर येतो.

कागदावर दोन रकाने करा. डावीकडे आजचं जेवण, उजवीकडे 'झोपण्याआधी काय करायचं'. उजवा रकाना उद्याच्या आणि परवाच्या जेवणाचा असतो. आमच्याकडे तो असा दिसतो:

सोमवार रात्री: उद्यासाठी दुधी चिरून डब्यात. 
मंगळवार रात्री: मटकी भिजत, गोठवलेल्या वाटणाच्या दोन-तीन वड्या फ्रीजरमधून खाली. 
बुधवार सकाळी: मटकी उपसून बांधणे. रात्री: काही नाही. 
गुरुवार सकाळी: डोशाचे तांदूळ-उडीद भिजत. रात्री: वाटून ठेवणे. 
शुक्रवार सकाळी: पीठ फुगलं असेल तर फ्रिजमध्ये, नाहीतर रात्रीपर्यंत आंबट होतं.

कडव्या वालाचं बिरडं लिहिलंत तर भिजवणं, मोड आणणं आणि सोलणं धरून दोन दिवस आधी सुरुवात हवी. सोलायला बसायला कुणी नसेल तर ते आठवड्याच्या मधल्या वारी लिहूच नका, किंवा दादरला बाजारात सोललेले वाल मिळतात ते आणा. राजमा आणि छोल्यांना आदली रात्र पुरते. मूगडाळीच्या खिचडीला आधीचं काहीच लागत नाही, म्हणून ती अशा दिवशी ठेवा ज्याच्या आदल्या रात्री कुणालाही दहा मिनिटं मिळणार नाहीत.

उजवा रकाना दोन आठवडे पाळा. बेत टिकला तर इथेच थांबा, पुढचं काही तपासायची गरज नाही.

२. कागद दिनदर्शिकेशेजारी आहे का?

फ्रिजच्या दारावरचा कागद काढून भिंतीवरच्या दिनदर्शिकेखाली लावा. दर महिन्याला दोन एकादश्या येतात आणि एक संकष्टी. संकष्टीला चंद्रोदयानंतर उपास सुटतो, म्हणजे जेवण नऊच्या आसपास किंवा त्याही पुढे, आणि दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला तेव्हा वरण-भात लागतो. त्या दिवशी बेतात पनीर असेल तर एका घरात दोन स्वयंपाक होतात. कालनिर्णयसारख्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. महिना सुरू होताना त्या कागदावर उतरवून घ्या.

तसंच कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार. श्रावणात किंवा चातुर्मासात कांदा-लसूण बंद. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा माशांच्या वाराला दुसरा पदार्थ. हे सगळं आपल्याला पाठ असतं, पण रविवारी बेत लिहिताना नेमकं आठवत नाही.

३. सात दिवस लिहिले आहेत का?

तीन खोडा. आठवड्याला चार जेवणं ठरवा. एक दिवस उरलेल्याचा आणि दोन मोकळे. सातही दिवस भरले की एका दिवसाचा उशीर पुढच्या सगळ्या दिवसांना ढकलतो: बुधवारची भाजी गुरुवारी, गुरुवारची उसळ शुक्रवारी, तोवर मोडांना वास येतो. मोकळा दिवस तो धक्का पोटात घेतो. माझ्या बहिणीला हे पटायला वेळ लागला, कारण रिकामा रकाना तिला आळस वाटायचा. तिच्या घरी मात्र एवढा एकच बदल पुरला.

४. भाज्यांचा क्रम

बाजार रविवारचा असेल तर पालेभाज्या सोमवारी आणि मंगळवारी संपल्या पाहिजेत. मेथी, पालक, शेपू, चाकवत थांबत नाहीत. मध्ये भेंडी, वांगी, गवार, फ्लॉवर. शेवटी कोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा, सुरण. बेत लिहिताना आपण आवडीप्रमाणे लिहितो आणि मेथी नेमकी शुक्रवारी येते. ती शुक्रवारीच हवी असेल तर शुक्रवारी स्टेशनबाहेरून आणा.

पालेभाजी धुऊन ठेवू नका. निवडा, कोरड्या कापडात गुंडाळा, मग फ्रिजमध्ये ठेवा. ओल राहिली की पानं सडतात. कांदे-बटाटे एकाच टोपलीत असतील तर वेगळे करा. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

५. घरात आधाराचं जेवण आहे का?

इथून थोडा खर्च सुरू होतो, पण तो वाणसामानाचाच.

कितीही नीट आखलं तरी महिन्यातून काही संध्याकाळी गाडी अर्धा तास ठाकुर्लीच्या अलीकडे उभी राहणारच. त्या दिवसासाठी वीस मिनिटांत होणारं आणि फक्त डब्यातल्या सामानावर चालणारं जेवण ठरलेलं हवं. ठरलेलं म्हणजे कागदाच्या तळाशी लिहिलेलं, घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेलं. आमच्याकडे तीन आहेत: पिठलं-भात; भाजणीचं थालीपीठ आणि दही; मूगडाळीची खिचडी, पापड, लोणचं. भाजणी कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने टिकते. बेसन, मूगडाळ आणि भाजणी अर्ध्यावर आली की वाण्याच्या यादीत जायला हवी, संपल्यावर नव्हे.

शेजारच्या घरात बाहेरून मागवणं यामुळे थांबलं. घरी आल्यावर विचार करायची ताकद नसते, हेच तिथलं खरं कारण होतं. पिठलं करायला विचार लागत नाही.

याच पायरीवर वाटणही येतं. रविवारी दोन नारळांचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ओला नारळ बाहेर लवकर आंबतो, गोठवलेला काही आठवडे चांगला राहतो. आमटी, उसळ किंवा कालवण, प्रत्येकाला दोन-तीन वड्या पुरतात. ट्रेला लसणाचा वास लागतो, म्हणून तो वेगळा ठेवा.

६. भिजवलेलं असूनही शिजत नाही?

बेत बरोबर, रात्री छोलेही भिजवले, तरी नऊ वाजता ते टणकच. हा बिघाड आखणीचा वाटतो, पण असतो कुकरमध्ये. चार गोष्टी बघा.

आंबट आधी पडलं का? चिंच, कोकम, टोमॅटो हे कडधान्य पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबटामुळे दाण्याची साल आणि गर घट्ट राहतात, मग कितीही शिट्ट्या काढा.

पाणी जड आहे का? बोअरचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम दाण्याला मऊ होऊ देत नाही. तूरडाळसुद्धा कणी धरून राहते. एकदा प्यायच्या पाण्यात भिजवून आणि शिजवून बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्याने काम होतं, पण जास्त सोड्याने चव बिघडते आणि ब१ जीवनसत्त्व जातं, म्हणून त्याची सवय लावून घेऊ नका.

धान्य जुनं आहे का? वर्ष-दोन वर्षं पडून असलेला राजमा मऊ होत नाही. साठवण करणाऱ्या घरांत हे हमखास सापडतं. जुन्या डब्यात नवं धान्य वरून ओतलं की तळातलं जुनं कायम तळातच राहतं. डबा पूर्ण रिकामा करून, पुसूनच भरा.

कुकर दाब धरतो का? कडेने वाफ आणि पाणी येत असेल तर रिंग सैल झाली आहे. नवी रिंग बसवा, भांड्यांच्या दुकानात मापाप्रमाणे मिळते. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून मिनिटं मोजा. भिजलेल्या छोल्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

राजम्याबाबत घाई मुळीच करू नका. कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यात असा घटक असतो की चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवलेलं पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात चांगला उकळा आणि बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. रात्री दहाला तो टणकच असेल तर बाजूला ठेवा आणि पिठलं करा.

७. फ्रिज खरोखर थंड आहे का?

आदल्या रात्रीची तयारी टिकत नसेल, चिरलेल्या भाजीला दुसऱ्या दिवशीच वास येत असेल, दूध नासत असेल तर बेताला दोष देऊ नका. साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी ५ अंशांच्या आत हवा. जास्त असेल तर आधी बटण फिरवून थंडावा वाढवा, मग मागच्या जाळीतून हवा येते ती जागा डब्यांनी अडली आहे का ते बघा. त्यानंतर दारात एक नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर त्या जागी दाराचं रबर सैल आहे. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, कित्येकदा नुसता चिकटा असतो.

फ्रिजच्या भरवशावर काय ठेवायचं यालाही मर्यादा आहे. शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. भाताबद्दल तर मी फार काटेकोर आहे. तांदळातल्या बॅसिलस सिरीयस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात गरम हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उद्याच्या फोडणीच्या भातासाठी ठेवायचा भात ताटात पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये टाका. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात आमच्याकडे कुणी खात नाही.

प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी लावून वार लिहा. 'मंगळ' एवढंच पुरे. मंगळवारचं शुक्रवारपर्यंत संपलं नाही तर ते टाकायचं. टाकताना जीव तुटतो, पण पुढच्या आठवड्यात किती करायचं ते त्यातूनच कळतं.

८. पोळ्या

थोडक्यात सांगते. पोळ्यांना मावशी येत असतील तर त्यांच्या सुट्ट्या कागदावर हव्यात, आणि त्या दिवशी भाताचं जेवण हवं. त्या आल्या नाहीत म्हणून जेवण मोडतं तेव्हा चूक त्यांची नसते. पोळीशिवायचा दिवस आपण ठेवलेलाच नसतो. मळलेली कणीक फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक राहते, पुढे काळपट होते. हवाबंद डब्यात, वरून तेलाचा हात फिरवून ठेवा.

९. बेत किती डोक्यांत आहे?

हे सर्वांत अवघड आहे, म्हणून शेवटी. वरचं सगळं करूनही बेत तीन आठवड्यांवर टिकत नसेल तर मी हा एकच प्रश्न विचारते: तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तर कागद वाचून दुसरं कुणी जेवण करू शकेल का? आमच्या मजल्यावरच्या एका घरात उत्तर 'नाही' होतं. कागदावर 'आमटी' लिहिलेली होती, पण डाळ कुठल्या डब्यात, गोडा मसाला किती, चिंच भिजवायची कधी हे एकाच बाईला ठाऊक. ती तापाने पडली त्या आठवड्यात नवरा आणि दोन मोठी मुलं रोज बाहेरून आणून जेवली. त्यांना करायचं नव्हतं असं नाही, त्यांना कुठून सुरू करायचं ते दिसतच नव्हतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात, घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७, असं दिसलं. या २९९ मिनिटांमागे 'उद्या काय' हा विचार दिवसभर चालू असतो, तो वेगळाच. ज्या माणसावर तो एकट्याने पडतो ते माणूस बुधवारपर्यंत थकतं. बेत बुधवारी मोडण्याचं हे कारण मी सर्वांत उशिरा ओळखलं.

दुरुस्ती अशी. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक कामापुढे नाव लिहा. भिजत घालणं दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. आमच्या मुलीचं पहिलं काम तेच होतं, आणि मोड आलेले बघायला ती सकाळी स्वतःहून उठायची. भाजी निवडणं हे आमच्या सासूबाईंचं काम. त्यांना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, पण मेथी त्यांच्याइतकी स्वच्छ कुणी निवडत नाही. डब्यांवर नावं लिहा. डाळ-पाण्याचं माप डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. रविवारी बेत लिहायला सगळे एकत्र बसा, आणि प्रत्येकाने एक जेवण सुचवायचं. जो सुचवेल त्याने त्या दिवशी नाक मुरडायचं नाही.

सुरुवातीला कुणीतरी विसरेल आणि मटकी कोरडी राहील. तेव्हा गुपचूप उठून स्वतः भिजत घालू नका. त्या दिवशी सगळ्यांनी पिठलं खायचं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही गोष्टी आखणीने सुटणाऱ्या नाहीत. त्यात वेळ घालवू नका.

फ्रिजचं रबर पुसूनही आतलं तापमान उतरत नसेल, किंवा मोटर बंदच होत नसेल, तर मेकॅनिकला बोलवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह पुन्हा पुन्हा उडत असेल किंवा भांड्याचा तळ फुगला असेल तर तो कुकर वापरणं आजच थांबवा. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या मदत क्रमांकावर कळवा.

घरात कुणी इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल आणि जेवण लांबलं की त्यांना घाम, थरथर, गरगरणं होत असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या; शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालयात न्या. अशा घरात जेवणाची वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच, कारण गोळीची वेळही तिच्याशी बांधलेली असते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर बेतात पालेभाज्या एकदम वाढवू किंवा कमी करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, फळं आणि मीठ यांचं प्रमाण आहारतज्ज्ञांनीच ठरवायला हवं.

मूल ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल आणि वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, तर त्याच्यासाठी रोज वेगळा बेत करत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडे जा. घरातल्या वृद्धांना जेवताना वारंवार ठसका लागत असेल, घास अडकत असेल, तर भात जास्त मऊ करून भागवू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या. आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे ओट्याकडे जावंसंच वाटत नसेल, झोप आणि भूक दोन्ही गेली असेल, तर तो बेताचा प्रश्न नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

यातल्या कुठल्याही डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जाताना मागच्या चार आठवड्यांचे कागद बरोबर न्या, खाडाखोडीसकट. कुठल्या दिवशी काय ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय, किती वाजता खाल्लं हे त्यावर लिहिलेलं असतं. सासऱ्यांच्या साखरेसाठी आम्ही गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी आधी तेच कागद ओळीने वाचले, आणि पहिली खूण बुधवारवर केली.